काखेत हात घालाल तर खबरदार

वह्या मिटा. आज मी लिहून घेण्यासारखं काही सांगणार नाही. जे सांगणार आहे ते तुमच्या पहिल्या वर्षाच्या वहीत आधीच लिहिलेलं आहे, वर स्केचपेननं रेघाही मारल्यात. परीक्षेत त्यावर भरभरून मार्क मिळवलेत सगळ्यांनी. आणि आज सकाळी मेल मेडिकल वॉर्डात तुमच्यातल्याच दोघींनी ते सगळं पार धुऊन टाकलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लकव्याचा पेशंट, वजन ऐंशीच्या पुढं, कॉटवर खाली घसरलेला. नाश्ता द्यायचा म्हणून त्याला वर घ्यायचं होतं. कॉटचं डोकं तसंच उचललेलं ठेवलं, म्हणजे चढावर ओढायचं. दोघींनी दोन बाजूंनी काखेत हात घातले. एकीनं 'एक, दोन, तीन' म्हणायला सुरुवात केली आणि दुसरीनं 'दोन'लाच हिसका दिला. पेशंट चार बोटं वर गेला, पण युरोबॅग कॉटच्या दांडीलाच अडकलेली होती. नळी ताणली गेली, म्हातारा कळवळला, आणि एक मुलगी कंबरेवर हात ठेवून डोळे मिटून उभी राहिली. इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणे, "काही नाही, सिस्टर." दुपारी हीच बाई कठडा धरून हॉस्टेलचा जिना चढत होती, आणि मजलाभर मूव्हचा वास सुटला होता.

काही नाही म्हणे! एका हिसक्यात किती जणांचं नुकसान केलंत ते ऐका. लकवा झालेल्या बाजूचा खांदा लुळा असतो. त्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात, सगळा भार सांध्याच्या आवरणावर असतो. त्या काखेत हात घालून ओढलं की खांदा निखळायला कितीसा वेळ लागतो? काखेतून हाताच्या नसांचा जुडगा जातो, तो दाबला जातो. अंगाखालची कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर वर सरकतं, म्हणजे बेडसोअरची मुहूर्तमेढ तुम्हीच रोवलीत. वर ती नळी. आणि तुमची स्वतःची कंबर. एवढं सगळं करून पेशंट सरकला चार बोटं. दहा मिनिटांनी तो पुन्हा खाली घसरलाच असेल, कारण त्याच्या गुडघ्याखाली कुणी उशी ठेवली नव्हती. ठेवली होती का? नाही ना!

तुमच्या डोक्यात एक खूळ बसलंय, आणि ते मला आज काढायचंय. तुम्हाला वाटतं, पेशंटला उचलणं हे अंगातल्या ताकदीचं आणि मनातल्या सेवाभावाचं काम आहे. जी उचलते ती चांगली सिस्टर, जी 'थांबा, अजून एकीला बोलावते' म्हणते ती कामचुकार. दरवर्षी १२ मेचा परिचारिका दिन आला की व्यासपीठावरून त्याग, समर्पण, मेणबत्त्या, सगळं होतं. त्या भाषणांत कुणी कंबरेबद्दल अवाक्षर काढलेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. पेशंटला उचलायचं नसतं. सरकवायचं असतं, वळवायचं असतं, त्याच्या अंगात जेवढं बळ उरलंय तेवढं त्याच्याकडूनच काढून घ्यायचं असतं. या तिन्हींनी भागत नसेल तर हॉइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र आणायचं. उचलणं हा शेवटचा मार्ग, आणि तोही आग लागली असेल, श्वास थांबला असेल, अशाच वेळचा.

"पण मॅडम, आम्ही गुडघे वाकवले होते, पाठ सरळ ठेवली होती." हे उत्तर येणार हे मला ठाऊकच होतं. पुस्तकातलं ते चित्र खोकं उचलणाऱ्या माणसाचं आहे. खोक्याला कडा असतात, ते पायांच्या मधे घेता येतं, मधेच घाबरून ते तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही. पेशंट मारतो. आणि मधे कॉट असते, त्यामुळे तो तुमच्यापासून हातभर लांबच असतो. गुडघे वाकवा नाहीतर लोटांगण घाला, ते अंतर काही कमी होत नाही.

त्या अंतराचंच गणित आहे सगळं. मणक्यामागच्या स्नायूंना मणक्यापासून मिळणारी तरफ जेमतेम पाच सेंटिमीटरची. ओझं मणक्यापासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे दहापट लांब. हातात दहा किलो असतील तर मागून त्या स्नायूंना शंभर किलोचा जोर लावावा लागतो. शिवाय पुढं वाकल्यावर तुमचं स्वतःचं धड, डोकं आणि हात तोलून धरायचे, म्हणजे अंगाचं जवळजवळ निम्मं वजन, ते वेगळंच. हा सगळा दाब जाऊन बसतो कंबरेच्या खालच्या दोन चकत्यांवर. त्यात तुम्ही पाय कॉटकडे आणि तोंड उशीकडे करून कंबरेतून पीळ दिलात की चकतीचे आतले तंतू उसवायला सुरुवात होते.

आणि हे उसवणं कळत नाही, हीच खरी मेख आहे. चकतीच्या आतल्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात. आज एक तंतू, पुढच्या नाइट ड्युटीला दुसरा. मग एक दिवस खाली पडलेली किडनी ट्रे उचलायला वाकता आणि तिथंच अडकता. घरी सांगता, 'काही नाही गं, नुसती ट्रे उचलली आणि उसण भरली.' ट्रे बिचारी दोनशे ग्रॅमची. तिच्या आधी उचललेले सगळे ऐंशी-ऐंशी किलोचे पेशंट मात्र तुमच्या हिशेबात नसतात. मग एमआरआय, मग 'मणक्यात गॅप आहे', मग तो पट्टा.

पट्ट्याचं इथंच उरकते. तुमच्यातल्या काही जणी युनिफॉर्मखाली कंबरपट्टा बांधून ड्युटीला येतात, मी पाहिलंय. निरोगी माणसाची पाठ पट्ट्यानं वाचते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं १९९४ मध्येच सांगून टाकलं. पट्टा बांधला की वाटतं, आता काही होत नाही, आणि आणखी वजन उचललं जातं. डॉक्टरांनी दुखण्यासाठी दिला असेल तर बांधा. चिलखत म्हणून बांधत असाल तर कपाटात ठेवा.

किती वजन उचलावं, याचाही आकडा आहे. त्याच संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला. पेशंट शुद्धीवर आहे, ऐकतोय, अचानक हलणार नाही, तुमच्या जवळ आहे, तुम्हाला पीळ घ्यावा लागत नाही, असं सगळं सुरळीत असेल तरीसुद्धा हातांनी पेलायचं वजन ३५ पौंड, म्हणजे १६ किलोच्या आत. आता माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सोळा टक्के भरतो. शंभर किलोच्या पेशंटचा नुसता पाय ड्रेसिंगसाठी धरून उभं राहिलात की तिथंच तुमची मर्यादा संपली. ऑर्थोच्या वॉर्डात तो पाय किती वेळ धरून ठेवता, आठवा. पायाखाली दोन उशा घालायला काय पैसे पडतात?

"दोघींनी मिळून धरलं तर?" त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या विल्यम मॅरास यांच्या गटानं १९९९ मध्ये मणक्यावरचा भार मोजला. पेशंट घेतला ५० किलोचा, सांगितलं तसं वागणारा. तरी दोघांनी मिळून हातांनी हलवताना कंबरेला धोका उरलाच. तुमचे पेशंट ५० किलोचे आणि गुणी असतात काय?

इकडे वाशीच्या बाजारात ५० किलोच्या वरची गोणी आली म्हणून माथाडी कामगारांनी काम बंद ठेवलं होतं. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा कायदा आहे, बोर्ड आहे, आणि एका पाठीवर किती चढवायचं यावर ते भांडतात. भांडलंच पाहिजे. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यात तर ३४ वं कलमच होतं, की इजा होईल इतकं वजन कामगाराला उचलायला लावू नये. पण वॉर्ड म्हणजे कारखाना नव्हे, आणि सिस्टर म्हणजे हमाल नव्हे, म्हणून तिनं ऐंशी किलो निमूट उचलायचे! ब्रिटननं १९९२ मध्ये नियमच केला की धोक्याचं उचलणं शक्य तिथं टाळा, टाळता येत नसेल तर आधी धोका तपासा, मग तो कमी करा. आपल्याकडे तपासते ती फक्त आपली कंबर, आणि निकाल दहा वर्षांनी लागतो.

आता त्या म्हाताऱ्याला वर कसं घ्यायचं होतं ते ऐका. आधी त्याला सांगायचं. 'आजोबा, आता तुम्हाला वर सरकवतोय, चांगला पाय वाकवा, टाच गादीत रोवा, हनुवटी छातीला लावा, तीन म्हटलं की पायानं रेटा.' अर्ध्या वॉर्डाला हे करता येतं, पण तुम्ही कुणी विचारतच नाही. मग कॉटचे ब्रेक. दम लागणारा पेशंट नसेल तर कॉटचं डोकं सपाट. डोक्याखालची उशी काढून वरच्या दांडीशी उभी ठेवा, म्हणजे टाळू आपटणार नाही. युरोबॅग, सलाईन, रायल्स ट्यूब, सगळं आधी मोकळं. ड्रॉ शीट खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली आहे का बघा. ती मॅकिनटॉशवरून सरकली पाहिजे. मॅकिनटॉशसकट ओढायला गेलात तर रबर गादीला चिकटून बसतं आणि पुन्हा तुमचीच कंबर जाते. ड्रॉ शीटच्या कडा गुंडाळत गुंडाळत पेशंटच्या अंगालगत आणा आणि तिथं मुठी घट्ट धरा. हातभर लांबून चादरीचं टोक धरणारी मला वॉर्डात दिसली तर सरळ बाहेर काढीन.

पाय. दोन्ही पावलं डोक्याच्या दिशेला, एक पुढं, एक मागं. आपल्या कॉटा जुन्या, बऱ्याचशा खाली-वर होतच नाहीत. कॉट फार खाली असेल तर एक गुडघा गादीवर टेकवा, तेवढे तुम्ही पेशंटच्या जवळ जाता. गादीवर गुडघा टेकवला म्हणून कुणी ओरडलं तर माझं नाव सांगा. मोजणारी एकच, बाकी सगळ्या मुक्या. 'तीन'ला हातांनी ओढायचं नाही. मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर घ्यायचा, चादर आपोआप येते. एका दमात उशीपर्यंत न्यायची हौस नको, दोनदा थोडं थोडं सरकवलं तरी कुणी मार्क कापत नाही. शेवटी गुडघ्याखाली उशी, मग कॉटचं डोकं वर. या सगळ्याला किती वेळ लागतो? चहा गाळण्याइतका.

व्हीलचेअरचं तर तुम्ही ठरवूनच उलटं करता. खुर्ची नेहमी पेशंटच्या चांगल्या बाजूला लावायची, कॉटला जरा तिरकी, ब्रेक लावून, पायठेवणी वर करून. तुम्ही ती रिकामी जागा बघून लावता. ब्रेक लावल्यावर खुर्ची ढकलून बघा. टायरमध्ये हवा नसेल तर ब्रेकचा खटका चाकाला नुसता गुदगुल्या करतो, धरत नाही. पेशंटच्या पायात मोजे असतील तर काढा, ओल्या लादीवर मोजे म्हणजे घसरगुंडी. त्याला काठावर आणा, पावलं गुडघ्यांच्या मागं घ्यायला सांगा, मग पुढं झुकवा. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत झुकवा. तुम्ही घाबरून त्याला सरळ वर खेचता. तो झुकला की ढुंगण आपोआप उचललं जातं, तुम्हाला फक्त दिशा द्यायची. दुबळा गुडघा तुमच्या गुडघ्यानं अडवून धरा. धरायचं कुठं? कंबरेला पट्टा बांधा, नसेल तर चादरीची गुंडाळी. पायजम्याच्या नाडीला धरणाऱ्या महाभागांना मी काय बोलू! आणि त्याचे हात तुमच्या गळ्यात नकोत. खुर्चीच्या हातावर ठेवायला सांगा. गळ्यात पडलेला पेशंट घसरला की तुमच्या मानेला लटकतो.

ब्रदर लोकांनो, तुम्ही मागच्या बाकावर हसू नका. 'मामा नाहीत, ब्रदरला बोलवा, तो मुलगा आहे' हे ऐकून तुमची छाती फुगते ना? तुमच्या चकत्या लोखंडाच्या नाहीत. वॉर्डातला प्रत्येक जड पेशंट तुमच्याच वाट्याला येणार, म्हणजे पाठ सगळ्यात आधी तुमचीच जाणार. पुढच्या वेळी हाक आली तर जा, पण जाताना ड्रॉ शीट आणि आणखी एक माणूस घेऊन जा.

पडणाऱ्या पेशंटला झेलायचं नाही. हे ऐकून तुम्हाला मी निर्दय वाटेन, वाटू दे. चालता चालता त्याचे पाय गेले तर तुम्ही त्याच्या मागं, जवळ, एक पाय पुढं करून उभे असलं पाहिजे. त्याला तुमच्या मांडीवरून हळूहळू लादीवर सोडा, डोकं तेवढं सांभाळा. ऐंशी किलोचा माणूस हवेत पेलायला गेलात तर दोघंही पडता, आणि तुम्ही खाली असता. पडल्यावर लगेच उचलायची घाई करू नका. खुबा, डोकं, मान बघून होऊ दे, डॉक्टरना येऊ दे. लादीवर दहा मिनिटं चादर घालून पडलेला पेशंट मरत नाही. नातेवाईक आरडाओरडा करतील. करू देत, तुम्ही त्याच्या शेजारी बसून राहा.

"मॅडम, रात्री वॉर्डात स्टाफच नसतो." खरं आहे. चाळीस पेशंटना एक सिस्टर आणि एक मावशी, ही काही मी केलेली व्यवस्था नव्हे, आणि मी तिचं समर्थनही करणार नाही. पण म्हणून एकटीनं ओढाओढ करायची? कूस बदलणं एकटीला जमतं. त्याचा पलीकडचा गुडघा वाकवा, एक हात त्याच्या खांद्यावर, एक खुब्यावर, आणि आपल्याकडे वळवा, पलीकडे ढकलू नका. कॉटवर वर घेणं एकटीला जमत नाही, तर त्यासाठी थांबायचं. मावशी स्पंजला येतात ती वेळ, सलाईन बदलायची वेळ, दोन तासांनी कूस बदलायची वेळ, एकत्र बांधा. दोघी एकाच फेरीत चार पेशंट करता. हे रोजच्या हँडओव्हरमध्ये लिहायला लागा, 'कॉट नंबर अमुक, दोघींशिवाय हलवू नये.' एक ओळ. वहीत नाही, वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये.

आणि जिची कंबर दुखावली तिनं आज संध्याकाळपर्यंत कॅज्युअल्टीत दाखवायचं, इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा. मला विनवण्या नकोत, 'इन्चार्ज चिडतील' नको. तुम्ही दुखणं लपवता म्हणून कागदावर आपल्याकडे कुणाचीच कंबर कधी दुखत नाही. आणि कागदावर दुखत नाही म्हणून स्टोअरमधला हॉइस्ट अजून प्लास्टिकच्या आवरणातच आहे. हो, आहे आपल्याकडे हॉइस्ट. देणगीतून आला, फोटो निघाले, किल्ली स्टोअरकीपरकडे गेली. त्याची स्लिंग कुठाय ते कुणाला माहीत नाही. एक दिवस न वापरताच तो कंडम होईल. मी मेट्रन मॅडमना आज पत्र दिलंय, आणि उद्यापासून तो वॉर्डात राहील नाहीतर मी स्टोअरच्या दारात बसेन. स्लाइड शीटचा इंडेंट मात्र तुम्ही लिहायचा. कोणत्या वॉर्डाला किती, कशासाठी, कारणासकट. 'गरज आहे' एवढंच लिहिलं तर परत पाठवीन.

आता शेवटचं, आणि हे जरा नीट ऐका, कारण इथं तुमची बेफिकिरी दुसऱ्याच्या अंगावर जाते. आपल्याकडून लकव्याचा पेशंट घरी जातो तेव्हा त्याला सांभाळणारी असते साठीची बायको, नाहीतर घरचं सगळं आवरून उरलेल्या वेळात सासऱ्यांना उठवणारी सून, नाहीतर ब्यूरोची बाई, जिला कुणी कधी काही शिकवलेलं नसतं. तुम्ही डिस्चार्जला काय देता? गोळ्यांची यादी आणि पुढची तारीख. त्याला कॉटवरून संडासापर्यंत कसं न्यायचं, हे कुणी दाखवतं का? महिन्याभरात ती बाई ऑर्थोच्या ओपीडीत येते आणि तुम्ही तिला शेकायला सांगता.

सात नंबरच्या कॉटवरचे आजोबा उद्या घरी जाणार आहेत. त्यांच्या घरच्या आजी चार वाजता येतात. आज सकाळच्या दोघींनी साडेतीनला तिथं हजर राहायचं. दुखावलेलीनं फक्त बोलायचं, हात लावायचा नाही. दुसरीनं करून दाखवायचं आणि मग आजींकडून करून घ्यायचं, एकदा नाही, त्यांना जमेपर्यंत. घरातली कॉट किती उंच आहे, विचारा. गादी पलंगावर आहे की खाली अंथरलेली? खाली असेल तर सांगा, आधी खाटेची सोय करा, त्याशिवाय घरी नेऊ नका. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची कुठं भाड्यानं मिळते ते लिहून द्या. त्यांना रिक्षानं नेणार की गाडीनं, तेही विचारा. गाडी असेल तर सीटवर मोठी प्लास्टिकची पिशवी पसरायला सांगा, आधी ढुंगण टेकवून मग पाय आत घेताना पेशंट तिच्यावर सहज वळतो. वळला की पिशवी काढायची, नाहीतर पहिल्या ब्रेकला आजोबा पुढच्या सीटवर. आजींना विचारा, तुमची कंबर दुखते का. 'काही नाही' म्हणाल्या तर पुन्हा विचारा.

मी पावणेचारला येऊन बघणार आहे. चला, मॅकिनटॉश आणि ड्रॉ शीट घ्या, डेमो रूमच्या कॉटवर. त्या पुतळ्यावर नाही, एकमेकींवर. पहिली कोण झोपते?